हनुवटीखालची जागा

मराठीत सगळ्याला एकच शब्द: इसब. लाली, लस, खपली, काहीही असो. डॉक्टरांचा ‘एक्झिमा’ही फार नेमका नाही; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उकळून वर येणं’ एवढाच. त्यातले प्रकार वेगळे ओळखण्याच्या इतिहासातलं एक प्रकरण पुण्यातलं आहे, आणि मला ते सगळ्यात बोलकं वाटतं.

१९५६ साली आर. एस. राव यांनी पुण्यातल्या एका परदेशी तणाची नोंद प्रसिद्ध केली. तेच आपलं गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी. (ते पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हातून आलं असं सर्रास सांगतात. पण तो करारच ऑगस्ट १९५६ चा. गवत त्याआधीच दिसलं होतं.) पुढे शेतात राबणाऱ्यांना एक चिवट इसब होऊ लागला. चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण इथली कातडी जाड आणि काळपट व्हायची, खाजेने रात्र रात्र झोप नाही. १९६८ मध्ये लोणकर आणि जोग यांनी या गवतामुळे झालेल्या त्वचारोगाचा अहवाल छापला.

हा इसब ओळखणं अवघड, कारण तो दोन सोंगं घेतो. कोपराच्या लवणीत दिसला की वाटतं, हा बहुधा लहानपणीच सुरू होणारा, दम्याच्या घराण्यातला इसब. त्याला ‘अटॉपिक’ हे नाव वाइज आणि सल्झबर्गर यांनी १९३३ मध्ये दिलं. चेहऱ्यावर दिसला की वाटतं, उन्हाचा. अशा वेळी डॉक्टर रुग्णाला हनुवटी वर करायला सांगतात. हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर ऊन फारसं पडत नाही, म्हणून उन्हाच्या इसबात या जागा बहुधा वाचतात. गवताचे कण वाऱ्याने तिथेही पोचतात.

खात्री करते ती पॅच टेस्ट. योझेफ याडासोन यांनी ती १८९५ मध्ये ग्रात्सला मांडली. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवायचा, ४८ तासांनी पट्टी काढायची, नंतर पुन्हा पाहायचं. गाजरगवतातला मुख्य गुन्हेगार पार्थेनिन.

निदान चुकलं तर ‘ऊन टाळा’ ऐकून माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून त्याच बांधावर उभा राहतो. बरोबर आलं तरी पेच आहेच. आजार जुना झाला की अनेकांना ऊनही सोसेनासं होतं, मग हनुवटीखालची खूणही पुरत नाही. आणि ‘गवतापासून लांब राहा’ हे सांगायचं कुणाला, तर ज्याचं पोट त्याच शेतावर आहे त्याला.