अवयवदानाचा निर्णय (गोंदिया जिल्हा)

मेंदूमृत व्यक्तीचे मूत्रपिंड, यकृत, हृदय इत्यादी अवयव प्रत्यारोपणासाठी द्यायचे की नाही, हे बहुधा नातेवाईक ठरवतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा (1994) व 2014 ची नियमावली हा त्याचा कायदेशीर पाया. मृताने हयातीत अवयवदानाचा फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांनी नकार दिल्यास डॉक्टर सहसा पुढे जात नाहीत.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही देवरी, कोहमारा भागातील महामार्गावर डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण पुष्कळदा नागपूरला रेफर होतो. गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. परिणामी अवयवदानाचा प्रश्न विचारला जातो तो परक्या शहरातील अतिदक्षता विभागाच्या दारात. सोबत आलेला भाऊ किंवा मेहुणा एकटा निर्णय घेऊ शकत नाही. निर्णय घेणारी वडीलधारी मंडळी गावात असतात आणि त्यांना फोनवर मेंदूमृत्यू समजावणे कठीण जाते. नकाराचे खापर अंधश्रद्धेवर फोडण्याची सवय आहे, पण विचार करायला न मिळालेला वेळ हे त्याहून मोठे कारण मानायला हवे.

व्हेंटिलेटरवर छाती हलते, हाताला ऊब असते, नाडी लागते. अशा माणसाला मृत म्हणणे आईला पटत नाही. कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, पण ही माहिती कुटुंबाला त्याच दिवशी प्रथम मिळते. चिरफाडीची धास्ती, पुढल्या जन्मी अवयव नसेल ही समजूत, देह गावी न्यायला होणारा उशीर आणि रुग्णालय यात पैसे कमावील हा संशयही असतो. वास्तविक अवयव काढल्यावर देह शिवून सन्मानाने परत दिला जातो आणि त्या प्रक्रियेचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांची कागदपत्रे व शवविच्छेदन मात्र टळत नाही.

होकार देणाऱ्यांत तरुण मुलगा किंवा मुलगी गमावलेले आईवडील असतात; आपले लेकरू कुणाच्या तरी रूपाने जगेल, ही त्यांची भावना. दधीची ऋषींनी अस्थी दिल्या, शिबी राजाने डोळे दिले, या कथांचाही आधार घेतला जातो. शिबीची कथा जातकांत असल्याने ती बौद्ध कुटुंबांनाही जवळची वाटते. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत देशभर आई व पत्नी यांचे प्रमाण जास्त आहे. तिथे स्वेच्छा किती आणि घरचा रेटा किती, हे संमतीपत्रावरून कळत नाही.

भारतात मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांचे प्रमाण दहा लाख लोकसंख्येमागे एकाहून कमी आहे. सुमारे 13 लाखांच्या गोंदिया जिल्ह्याला हेच प्रमाण लावले तर वर्षाकाठी एखादा दाता निघेल. म्हणजे बहुतेक गावांत शेजारच्या घराचा दाखलाच नसतो, आणि तेरवीला जमलेल्यांच्या बोलण्यातही हा विषय येत नाही.

देहदानाशी याची गल्लत नेहमी होते. देहदानात संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला शिक्षणासाठी दिला जातो. शवविच्छेदन झालेला किंवा नेत्रांखेरीज अन्य अवयव काढलेला देह तिथे सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान त्यामानाने सोपे. त्यासाठी मेंदूमृत्यूची वा नागपूर गाठण्याची गरज नसते. हृदय थांबल्यानंतर सहा तासांच्या आत घरीही बुबुळे काढता येतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. चष्मा असलेल्यांचे व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही नेत्र चालतात. एचआयव्ही, रेबीज वा कावीळ ब असलेल्यांचे चालत नाहीत.