कळण्याची भाकरी आणि गहू वर्ज्य असलेले ताट

१/ १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. गव्हाचा पाव मिळेनासा झाला. सीलिॲक रोगाच्या मुलांना गहूच बाधतो, हा बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा संशय त्या काळात बळावला. १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला.

२/ खानदेशात, यावलकडे, ज्वारी व अख्खे उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. दोहोंत ग्लुटेन नाही; पीठ ताण धरत नाही, म्हणून ती थापावी लागते.

३/ गहू वर्ज्य असलेल्यांसाठी हीच भाकरी झटपट पिझ्झ्याचा पाया होते. दूधही वर्ज्य असेल, तर चीजऐवजी वांग्याचे भरीत पसरावे.

४/ मात्र दळण स्वतंत्र हवे. गिरणीत उरलेले गव्हाचे चिमूटभर पीठही अशा रुग्णाला बाधते.