काडतुसाची टोपी

'काडतूस' हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. शब्द ओळखीचा झाला, पण काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या वाटाण्याएवढ्या धातूच्या टोपीची हकीकत आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो. वस्तुतः बंदुकीवर सत्ता कोणाची, या प्रश्नाचे उत्तर गेली दोनशे वर्षे या टोपीत दडलेले आहे.

चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी रंजकावर पडे आणि रंजकाची आग कानातून आतील दारूस पोहोचे. पावसाने रंजक भिजले की शूराची बंदूकही मुकी होई. स्कॉटलंडमधील बेलहेल्व्ही गावचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ याने आघातानेच पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग शोधून ११ एप्रिल १८०७ रोजी त्याचे पेटंट घेतले. ही कल्पना जन्मतःच न्यायालयात गेली. 'फोर्साइथ विरुद्ध रिव्हिएर' या १८१९ च्या खटल्यातून असे तत्त्व निघाले की, एकच शोध अनेकांना लागला असला तरी पेटंटाच्या आश्रयाने तो प्रथम लोकांपुढे मांडणारा तोच कायद्याच्या दृष्टीने शोधक होय. पुढे हे द्रव्य तांब्याच्या टोपीत भरले जाऊ लागले. १८३४ साली वुलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून सहा-सहा हजार बार काढून पाहण्यात आले, तेव्हा चकमकीचे सुमारे सव्वीस बार फुकट जात तेथे टोपीचा एक जाई.

१८६६ साली ही टोपी पितळी काडतुसाच्या बुडात कायमची बसली. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या रचनेत टोपीच्या आतच एक इवलीशी ऐरण असते आणि काडतुसाच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. अमेरिकेच्या हायरम बर्डन याने ऐरण काडतुसातच घडवली व तिच्या बाजूंस छिद्रे ठेवली. गंमत अशी की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. बॉक्सरच्या काडतुसातील वापरलेली टोपी मधल्या छिद्रातून सळई घालून सहज ढकलून काढता येते. त्यामुळे रिकामे पितळ पुन्हा भरणे सोपे झाले. दुकानापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या अमेरिकन शिकाऱ्यास ही केवळ काटकसर नव्हती, तर गरजच होती.

या गरजेतून एक हत्यार जन्मास आले. १८८४ साली जॉन बार्लो याने स्थापन केलेल्या 'आयडियल' कंपनीचे हत्यार पाहिले तर आपल्या माणसास पानाच्या तबकातील अडकित्ता आठवेल. शिसे ओतणे, टोपी बसवणे, गोळी रोवणे ही कामे ते एकटे करी. पुढे टेबलास जखडलेली दाबयंत्रे आली. त्यांची तरफ लांब असल्याने जोर पुष्कळ मिळतो, पण टोपी कोठे टेकली हे हातास नीट कळत नाही. म्हणून चोखंदळ माणसे केवळ टोपी बसवण्यासाठी मुठीत मावणारे वेगळे हत्यार बाळगू लागली. १९५८ पासून मिळू लागलेल्या 'ली' या स्वस्त संचात तर टोपी हातोडीने ठोकून बसवीत, आणि कधीकधी ती तेथेच फुटे. चांगल्या हत्याराची कसोटी एवढीच, की ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाशी टेकल्याचे बोटांस समजावे. टोपी वर राहिली तर घोड्याचा पहिला आघात तिला खाली बसवण्यातच खर्च होतो आणि बार फुकट जातो. काही स्वयंचलित बंदुकांत ती अकालीही फुटू शकते. मोठ्या टोपीचा व्यास ०.२१० इंच, लहानीचा ०.१७५ इंच, या मापात हयगय चालत नाही.

आता हाच प्रश्न कायद्याच्या बाजूने पाहावा. घरी काडतूस भरणारा मनुष्य शिसे ओततो, पितळ पुन्हा वापरतो; टोपी मात्र त्यास विकतच घ्यावी लागते. ती सुरक्षितपणे घडवणे हे कारखान्याचे काम. १८७८ च्या हिंदुस्थानच्या शस्त्र कायद्याने हे मर्म अचूक ओळखले होते. त्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत टोप्या होत्या, बंदुकीच्या गारगोट्या होत्या, आणि दारूगोळा तयार करण्याची सर्व यंत्रसामग्रीही होती. शिसे, गंधक व सोरा मात्र वगळलेले होते. बाजारात मिळणाऱ्या आणि इतर शंभर कामांस लागणाऱ्या जिनसांवर पहारा ठेवणे कोणत्याही सरकारास अवघडच. टोपीवर तो ठेवता येतो, आणि जो टोपी धरतो तो बंदूक धरतो.

लॉर्ड लिटनच्या त्या कायद्यातील खरा अन्याय व्याख्येत नव्हता, तर तो लागू कोणास करायचा यात होता. नियमांन्वये युरोपियनांस सूट होती, संशय होता तो केवळ एतद्देशीयांवर. स्वतंत्र भारताने १९५९ चा शस्त्र कायदा केला तेव्हा वंशभेदाला त्यात थारा दिला नाही. परंतु दारूगोळ्याचे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांस व्याख्येत जागा राहिली. म्हणूनच अमेरिकेत अनेक घरांच्या टेबलावर बिनदिक्कत पडून असणारे ते अडकित्त्यासारखे हत्यार आपल्याकडे कायद्याच्या भाषेत स्वतःच दारूगोळा ठरू शकते.

परक्या राज्यकर्त्याने भयापोटी केलेली व्याख्या स्वकीय राज्याने विवेकापोटी स्वीकारावी, यात विसंगती नाही. कायद्याचे शब्द तेच राहिले, तरी ते सर्वांस सारखे लागू झाले की त्यांचा धर्म पालटतो. मात्र ही समता कागदावर न राहता परवाना देणाऱ्याच्या टेबलावरही दिसली पाहिजे. नाहीतर १८७८ सालच वेश पालटून आपल्यात वावरत आहे, असे म्हणण्याची पाळी येईल.