वेगाची वीज घाटातली

पॅरिसहून ल्योंकडे धावणारी फ्रान्सची अतिवेगवान गाडी, टीजीव्ही, २७ सप्टेंबर १९८१ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाली. ताशी २६० किलोमीटर वेगाचा तेव्हा जगभर गवगवा झाला. मला मात्र तिच्या तांत्रिक माहितीतली एकच ओळ चिकटून राहिली: गाडी दोन प्रकारच्या विजेवर चालते, १५०० व्होल्ट डीसी आणि २५,००० व्होल्ट एसी. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ही जोडी परकी वाटायचं कारण नाही. नेमके हेच दोन प्रवाह इगतपुरी स्टेशनात वर्षानुवर्षं समोरासमोर उभे होते. कसाऱ्याकडून घाट चढून येणारी तार १५०० व्होल्टची, नाशिकरोडकडे निघणारी २५,००० ची.

आमच्या कळवण तालुक्यात रूळच नाही. गाडी पकडायची तर एसटीने नाशिकरोड नाहीतर मनमाड गाठायचं. सप्तशृंगी गडाच्या छायेत राहणाऱ्यांना रेल्वेचं अप्रूप जरा जास्त, ते बहुधा म्हणूनच. मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी रेंगाळणार, इंजिन बदलणार, तोवर चहा-वडा होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. इंजिन का बदलतात असं कुणी विचारलंच तर उत्तर यायचं, ‘पुढे घाट आहे ना.’ ते अर्धंच खरं. घाटासाठी कसाऱ्याहून मागे ढकलायला बँकर इंजिनं लागायची ती वेगळी. इंजिन बदलायचं ते वीज बदलायची म्हणून.

पॅरिस आणि इगतपुरी यांचं हे साम्य निव्वळ योगायोग आहे का? मला तसं वाटत नाही. युरोपातल्या दोन शहरांमध्ये आज ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी बहुतेक ठिकाणी ज्या विजेवर पळते, तिचं कूळ शोधत गेलं की वेगाचा मागमूस लागत नाही. लागतात ते घाट, खनिजाच्या मालगाड्या आणि रडतखडत चालणारे आडमार्ग.

थोरल्या भावाला, म्हणजे १५०० व्होल्ट डीसीला, आधी वाटेला लावू. ७५० व्होल्टच्या दोन मोटरी एकापाठोपाठ जोडल्या की झाले १५००. त्या काळच्या मोटरींना हे झेपायचं. फ्रान्सने १९२० साली हा आकडा पक्का केला, ब्रिटिश सरकारी समितीने साधारण त्याच सुमारास तोच सुचवला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी त्याच आकड्यावर धावली. लंडन आणि पॅरिस एकाच वेळी एकाच आकड्यावर कसे आले? अमेरिकेत डीसीवर चालणाऱ्या मोठ्या रेल्वेमार्गांचं यश दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं, आणि एकफेजी एसीमुळे टेलिफोनच्या तारांत खरखर होते ही तक्रारही दोघांच्या कानांवर होती. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे. जीआयपी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं चोळा पॉवर हाऊस बांधलं आणि १९३० साली तार थळ घाट चढून इगतपुरीला आली. सदतिसास एक चढाचा हा घाट. तो चढायला स्वित्झर्लंडच्या विंटरथुर गावच्या कारखान्याने आखलेली लांब नाकाडांची इंजिनं आली. त्यांना मगर असं टोपणनाव पडलं.

फ्रान्समध्ये पॅरिस–ल्यों या मुख्य मार्गावर १५०० व्होल्टची तार ल्योंपर्यंत पोहोचली १९५२ साली. इगतपुरीनंतर २२ वर्षांनी. पुढे टीजीव्हीचं माहेर ठरलेला मार्ग तो हाच.

आता धाकटी. पण आधी १५०० मध्ये खोट काय ते सांगायला हवं, आणि ते कळवणच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, विहिरीवरची मोटर घुमायला लागते, अँपिअर चढतात, केबल तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. काम तेवढंच हवं आणि व्होल्टेज कमी, तर प्रवाह जास्त ओढला जाणार. पहिल्या टीजीव्हीची ताकद सुमारे साडेसहा हजार किलोवॅट. २५,००० व्होल्टच्या तारेतून ती घ्यायला २६० अँपिअरच्या आसपास पुरतात. तेवढीच ताकद १५०० व्होल्टमधून मागितली तर ४,३०० अँपिअर लागले असते. प्रवाह जवळजवळ सतरा पट, आणि तारेत उष्णतेने होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीनशे पट. म्हणून डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन आणि तांब्याची जाडजूड तार लागते. टीजीव्हीही डीसीखाली निम्म्याच ताकदीवर चालते. तिचा खरा वेग नव्या मार्गावरच्या २५,००० व्होल्टखाली.

मग २५,००० कुणाचं अपत्य? इथे भांडण आहे आणि दावेदार तीन आहेत.

पहिला दावा हंगेरीचा. कालमान कांडो या अभियंत्याने रेल्वेसाठी वेगळी वीज न बनवता गावाला मिळते तीच ५० सायकलची वीज थेट तारेत सोडायचं ठरवलं. बुडापेस्ट ते हेज्येशहालोम हा मार्ग १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला १६,००० व्होल्टवर सुरू झाला. कांडो १९३१ मध्येच वारला होता. त्या काळी ५० सायकलवर नीट चालणारी रेल्वेची मोटर कुणाला जमत नव्हती. म्हणून तर जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियाने पन्नासाचा तिसरा हिस्सा, १६⅔ सायकल, पत्करला आणि रेल्वेसाठी वेगळी वीज निर्माण करत बसले. कांडोने तोड काढली: इंजिनातच एकफेजी वीज तीनफेजी करणारं यंत्र बसवलं. आमच्याकडे फेज गेला की कॅपॅसिटर लावून तीनफेजी मोटर फिरवणारे महाभाग गावोगाव आहेत. कांडो त्यांचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. पण त्याचं यंत्र अवजड होतं आणि गाडीचे वेग ठरावीक पायऱ्यांतच मिळत. कल्पना टिकली, इंजिनाचा वंश खुंटला.

दुसरा दावा जर्मनीचा. काळ्या जंगलातल्या फ्रायबुर्ग गावाजवळून ह्योलनटाल नावाचा घाटमार्ग चढतो. नावाचा अर्थ नरकदरी. चढ अठरास एक. थळ घाटाच्या दुपटीहून तीव्र, आणि १९३० च्या दशकापर्यंत तिथे मधोमध दातेरी रूळ होता. या आडमार्गावर १९३६ साली २०,००० व्होल्ट, ५० सायकलचा प्रयोग सुरू झाला. वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या पद्धतीची चार इंजिनं बनवून दिली आणि सगळी एकाच घाटात घासूनपुसून पाहिली. महायुद्ध संपलं आणि हा मुलूख फ्रेंच फौजांच्या ताब्यात आला. रेल्वेसकट.

तिसरा दावेदार इथेच जन्मला. फ्रेंच रेल्वेच्या अभियंत्यांना नरकदरीत तयार प्रयोगशाळा सापडली. लुई आरमाँ या दूरदृष्टीच्या अधिकाऱ्याने प्रयोग फ्रान्समध्ये, आल्प्सच्या कुशीतल्या साव्वा प्रांतात नेला: एक्स-ले-बाँ ते ला रोश-सुर-फोराँ, पुन्हा डोंगरातला, वर्दळ बेताची असलेला मार्ग. निकाल जगाला दाखवायला त्यांनी १९५१ मध्ये त्याच मार्गावरच्या आनसी गावी परिषद भरवली. त्यानंतर व्होल्टेज २५,००० वर नेऊन उत्तरेतल्या व्हालाँसिएन–तिओंव्हिल मार्गावर ते बसवलं. कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या मालगाड्यांचा हा मार्ग.

माझं मत फ्रेंचांच्या बाजूने पडतं, पण आई जर्मन हे मान्य करून. वीज तीच, घाट तोच, फक्त राज्य बदललं. कांडोला मी आजोबा म्हणेन. बापाचा मान देणार नाही. वाचक म्हणेल, बुडापेस्टचा मार्ग सपाट मैदानातला मुख्य मार्ग, तो तुझ्या घाटाच्या सिद्धांतात बसत नाही म्हणून तू कांडोला बाजूला सारतोस. आरोप अगदीच खोटा नाही. पण जपान बघा. त्यांनीही १९५० च्या दशकाच्या मध्यावर हीच वीज आधी तपासली ती सेंदाई–यामागाता या डोंगर ओलांडणाऱ्या सेनझान मार्गावर. नरकदरी, साव्वा, सेनझान: तिन्ही ठिकाणी डोंगर. कारण सोपं असावं. आडमार्गावर प्रयोग फसला तर आरडाओरड कमी, आणि चढावर भार घेऊन गाडी सुटली की इंजिनाचं सोनं की पितळ ते लगेच कळतं.

भारतात ही वीज आली ती थेट फ्रेंचांकडून. १९५७ मध्ये आपल्या रेल्वेने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं, सल्लागार फ्रेंच रेल्वे. पहिला तुकडा १९५९-६० मध्ये सुरू झाला तो राजखरसवाँ–डोंगोआपोसी, आजच्या झारखंडातला, लोहखनिजाच्या गाड्यांचा. पुन्हा वेग नाही, पुन्हा खनिज. इंजिनं युरोपातल्या कंपन्यांच्या गटाने पुरवली. साठचं दशक सरता सरता ही तार आपल्या जिल्ह्यात शिरली आणि इगतपुरीला मगरीच्या तारेसमोर येऊन थांबली. फ्रान्समध्ये सिद्ध झालेली पद्धत आणि ब्रिटिश काळातली पद्धत, दोघींचा सांधा सह्याद्रीच्या माथ्यावर. टीजीव्हीत जो सांधा गाडीच्या पोटात आहे तो इथे फलाटावर होता, एवढाच फरक.

तोही फार काळ राहिला नाही. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं फ्रान्समध्ये साठच्या दशकातच धावत होती. आपल्याकडे १९७५ मध्ये डब्ल्यूसीएएम-१ पश्चिम रेल्वेवर आलं आणि नव्वदच्या दशकात डब्ल्यूसीएएम-३ मध्य रेल्वेवर. या अक्षरांतलं सी डीसीचं आणि ए एसीचं. डीसीखाली त्यांचीही ताकद कमी पडे, टीजीव्हीसारखीच. एसीचे धडे फ्रेंचांकडे गिरवलेल्या आपल्या अभियंत्यांनी ही दुहेरी युक्तीही तिकडूनच उचलली, असा माझा ठाम कयास आहे.

युरोपात तर ही युक्ती रोजचीच गरज होऊन बसली. लंडन–पॅरिस–ब्रसेल्स युरोस्टार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला फ्रान्समध्ये २५,००० व्होल्ट एसी, बेल्जियममध्ये ३,००० व्होल्ट डीसी आणि इंग्लंडच्या दक्षिणेत तिसऱ्या रुळातून ७५० व्होल्ट डीसी घ्यावं लागे. समुद्राखालच्या बोगद्यातून ताशी १६० किलोमीटरने आलेली गाडी लंडनच्या वेशीवर उपनगरी लोकलच्या विजेवर रांगत शिरे, ते २००७ मध्ये नवा मार्ग पुरा होईतो. २०२३ पर्यंत थॅलिस नावाने धावलेल्या पॅरिस–ब्रसेल्स–कलोन–ॲमस्टरडॅम गाड्यांतल्या काहींना चार प्रकारची वीज चालते. प्रवाशाला सीमा कळत नाही. छपरावरच्या पॅन्टोग्राफला कळते.

माझ्या सिद्धांतावर दोन जड आक्षेप आहेत. पहिला, १९५५ चा. मार्च महिन्यात बोर्दोच्या दक्षिणेला फ्रेंच इंजिनांनी ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला, आणि तोही १५०० व्होल्टच्या डीसी मार्गावर. म्हणजे वेगाला २५,००० लागत नाहीत? त्या दिवशी तारेतलं व्होल्टेज मुद्दाम चढवलं होतं, आणि एवढं करूनही पॅन्टोग्राफ ठिणग्यांनी वितळला. एक धाव जमली. रोजची गाडी तशी चालवता येत नाही. दुसरा आक्षेप जर्मनीचा, आणि तो खरा टोचतो. जर्मनांची आयसीई कलोन–फ्रँकफर्ट मार्गावर ताशी ३०० ने जाते ती १५,००० व्होल्ट, जुन्या १६⅔ च्या घराण्यातल्या विजेवर. नरकदरीतली स्वतःची लेक त्यांनी परक्यांना दिली आणि १९६० मध्ये त्या घाटातसुद्धा जुनीच वीज परत लावली. तेव्हा २५,००० शिवाय वेग अशक्य, असं मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जपानची शिंकानसेन, मग टीजीव्ही, मग स्पेन, चीन, आणि आता आपली मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन, या सगळ्यांनी नवा मार्ग बांधताना २५,००० निवडलं, इतकंच सांगेन. इटलीनेही आधी ३,००० व्होल्ट डीसीवर वेगवान मार्ग बांधला आणि पुढचे मार्ग २५,००० वर घेतले.

मुंबईतल्या १५०० व्होल्टचं आयुष्य शेवटी नव्वदीला आलं. आपल्या घाटाच्या बाजूने २००६ पासून ती तार मागे हटत गेली, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर, जिथे १९२५ ला जन्मली तिथेच, संपली. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकात मात्र आजही १५०० व्होल्ट डीसीच आहे. तिथून निघालेल्या टीजीव्हीला काही किलोमीटर जुन्या विजेवर जाऊन मगच २५,००० खाली शिरावं लागतं. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेल्या मुंबई–शिर्डी वंदे भारतला ती कटकट नाही. कसाऱ्याला बँकर न घेता ती २५,००० व्होल्टवर सदतिसास एकचा चढ चढते आणि इगतपुरीला इंजिन बदलायला थांबत नाही.