रहाटाच्या खोपीतली वीज : रायगड किनाऱ्यावरील वाड्यांचा इतिहास

रायगड किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाडीचे सारे गणित विहिरीशी बांधलेले असते. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो, पण चार महिन्यांत संपतो. पोफळीची मुळे वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे दिवाळीनंतर पुढच्या मृगापर्यंत शिंपणे चुकत नाही. वाडीत वीज आली ती मुख्यतः या शिंपण्यासाठी, आणि ती ज्या खोलीत आली त्या खोलीचा इतिहास विजेहून जुना आहे.

पूर्वी पाणी रहाटाने काढत. बैल किंवा रेडा गोल फिरे, दातेरी लाकडी चाके एकमेकांत अडकून फिरत आणि माळेला बांधलेली गाडगी विहिरीतले पाणी वर आणून ओतत. तिथून ते पाटाने प्रत्येक झाडाच्या आळ्यात जाई. रहाटाशेजारी झावळ्यांनी शाकारलेली खोप असे. जनावराचा चारा, दोर, जादा गाडगी तिथे ठेवत.

गंमत नव्हे तर खेदाची गोष्ट अशी की हे रहाट फिरत असताना त्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, देशातली मोठी जलविद्युत केंद्रे चालू झाली होती. टाटांचे खोपोली केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे 1922 मध्ये आणि भिऱ्याचे 1927 मध्ये. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधले गेले. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा. ही वीज उच्च दाबाच्या तारांवरून घाटाच्या पायथ्यापासून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. भिऱ्याचे पाणी मात्र वीज देऊन झाल्यावर कुंडलिका नदीतून रेवदंड्याच्या खाडीला मिळत राहिले. पाणी किनाऱ्यापर्यंत आले, पण वीज यायला आणखी काही दशके गेली.

मधल्या काळात तेलावर चालणारी इंजिने आली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 मध्ये स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर देशी बनावटीची इंजिने बागायतदारांच्या आवाक्यात येऊ लागली. रहाट उघड्यावर चाले, इंजिनाला पावसापासून आडोसा लागे. म्हणून खोपीच्या जागी पक्क्या भिंतींची, कौलांची किंवा पत्र्याची खोली उभी राहिली. पुढे मोटर बसली ती याच खोलीत.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये अस्तित्वात आले. ग्रामीण विद्युतीकरणाला कर्ज देणारे केंद्रीय महामंडळ 1969 मध्ये निघाले आणि त्यानंतर खेडोपाडी खांब उभे राहण्याचा वेग वाढला. मात्र मंडळाची जबाबदारी मीटरपर्यंतच असे. मीटर बहुधा घराच्या पडवीत, विहीर वाडीच्या आत. मधले अंतर मालकाने आपल्या खर्चाने जोडायचे. वाडीतल्या विजेचे बहुतेक धोके याच टप्प्यात जन्मले.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तार एका माडावरून दुसऱ्या माडावर बांधत नेणे. तो तितकाच घातकही होता. माड वाऱ्याने डोलतो, तार बुंध्याला घासते, वेष्टण झिजते. वरून झावळी किंवा नारळ पडला की तार तुटून ओल्या आळ्यात लोळते. नारळ पाडायला चढणाऱ्या माणसाचा हात, कोयता आणि तार एकाच उंचीवर येतात. भारतीय विद्युत नियम 1956 नुसार रस्त्याबाहेरच्या जागीही उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर उंच हवी होती. वाडीतल्या खासगी जोडण्यांत हा नियम पाळला जाणे अवघडच होते.

खोलीच्या आतला धोका वेगळा. साधा पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि ही ओढ व्यवहारात सहा-सात मीटरपुरतीच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप विहिरीतल्या कोनाड्यात उतरवावा लागे. तिथे ओल कायमची, वर समुद्राची खारी हवा. स्टार्टरचे पत्रे गंजत, जोड हिरवे पडत आणि मोटरीच्या अंगात वीज उतरे. शिंपणारा माणूस अनवाणी, चिखलात उभा. किटकॅटमधली फ्यूजची तार अशा वेळी वाचवत नाही. तीन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर पंधरा अँपिअरहून जास्त प्रवाह घेते, त्यामुळे फ्यूज त्याहून जाड असावीच लागते. माणसाच्या जिवाला मात्र त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो.

त्यावरचा पहिला उपाय अर्थिंगचा. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून जस्त लावलेला नळ उभा पुरायचा; भारतीय मानक 3043 मध्ये याची रीत 1966 पासून दिली आहे. किनाऱ्यावर ओल आणि खार यांमुळे जमीन वीज चांगली वाहते, पण तोच खार नळाला खातो. वरून धड दिसणारे अर्थिंग जमिनीत तुटलेले असू शकते, म्हणून ते मोजून तपासणे इथे अत्यावश्यक. दुसरा आणि अधिक खात्रीचा उपाय म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो क्षणात वीज बंद करतो. अर्थिंग खराब झाले तरी तो काम करतो, आणि म्हणूनच अशा ओल्या खोलीत तो आधी बसवायला हवा.

माडांवरून नेलेल्या तारेची जागा हळूहळू पोलादी कवचाच्या भूमिगत केबलने घेतली. कमी दाबाची केबल पाऊण मीटर खोल, वाळूच्या थरात, वर विटा रचून पुरायची. वाडीत दरवर्षी आळी खणली जातात, कुदळ कुठेही पडते. म्हणून केबल झाडांच्या ओळींतून न नेता गडग्याच्या कडेने नेणे शहाणपणाचे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर खांब आणि ताराही. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अलिबाग शहरात वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून हाती घेण्यात आले, पण विखुरलेल्या वाड्यांपर्यंत असा खर्च नेणे कठीण आहे. सौर पंपांनाही इथे अडचण आहे, कारण दाट वाडीत ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. पॅनेल घराच्या छपरावर किंवा उघड्या माळावर बसवले, तर विहिरीपर्यंत पुन्हा केबल पुरावीच लागते.