एक किल्ली, पंचेचाळीस हजार कुलपं

पलटणीत शस्त्रागाराला आम्ही ‘कोत’ म्हणतो. कोतची किल्ली घेताना सही, परत देताना सही. ती या क्षणी कुणाकडे आहे, हे मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. आजची गोष्ट अशाच एका किल्लीची आहे.

मोठ्या कचेरीत हजारो संगणक असतात. प्रत्येकापाशी माणूस धाडणं शक्य नसतं. म्हणून विंडोजवर पीएसएक्झेक, डब्ल्यूएमआय अशी साधनं वापरतात. संगणक विभागातला माणूस स्वतःच्या खुर्चीवरून दुसऱ्या शहरातल्या यंत्रालाही हुकूम देतो. त्यासाठी हवा फक्त ॲडमिनचा पासवर्ड. हीच ती किल्ली.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घरोघरच्या कंपन्यांत वापरलं जायचं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ आत सोडला. विंडोजमधलं एक भगदाड त्याला ठाऊक होतं. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तरीही पॅच लावलेले संगणक पडले. कसे? आत शिरल्यावर तो मेमरीत राहिलेले पासवर्ड उचलायचा आणि त्याच दोन साधनांनी शेजारच्या संगणकांना हुकूम सोडायचा. तिथे शत्रूला भिंत फोडावी लागली नाही, त्याने किल्ली लावून दार उघडलं. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितली जाई, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय नव्हती. हेतू विध्वंसाचाच होता. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने रशियाच्या लष्कराला त्यासाठी जबाबदार धरलं.

डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क यात सापडली. युक्रेनपासून इतक्या दूर आपल्या न्हावा शेवाला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. दहा दिवसांत त्यांनी ते केलं. नुकसान ३० कोटी डॉलरपर्यंत गेलं.

कोणाला कुठे प्रवेश द्यायचा, याची नोंद डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरवर असते. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर होते, एकमेकांची नक्कल ठेवणारे. एक गेला तर दुसरा आहे, हा हिशेब. पण सगळे एकाच जाळ्यात, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो एकच, आफ्रिकेतल्या घानामधला. कारण? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! मित्रांनो, एवढी मोठी कंपनी सावरली ती एका लोडशेडिंगच्या आधाराने.

हे वाचलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. निवृत्तीनंतर मी एका संस्थेचं प्रशासन पाहत होतो. चाळीस संगणक, सगळ्यांना ॲडमिनचा एकच पासवर्ड, आणि तो माझ्या टेबलावरच्या वहीत. बॅकअपची डिस्क कायम सर्व्हरलाच जोडलेली. आयुष्यभर कोतची किल्ली सांभाळणारा मी, इथे ती दारातच टांगून बसलो होतो.

त्याच आठवड्यात प्रत्येक संगणकाचा पासवर्ड वेगळा केला. ॲडमिनच्या खात्यावरून रोजचं काम बंद. बॅकअपची एक प्रत केबल काढून कपाटात. अपडेट आलं की टाळाटाळ नाही.

तुमच्या कचेरीतली किल्ली आज कुणाकडे आहे? उद्या कामावर गेल्यावर एवढं तरी विचारा. जय हिंद.