व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि आत्मनियंत्रणाचा प्रश्न

प्रस्तावना

व्यसनी माणसाचा निश्चय कमकुवत असतो म्हणून तो व्यसन सोडू शकत नाही, ही समजूत फार जुनी आहे. एकदा हेरॉइनची सवय लागली की सुटका नाही, असेही मानले जाई. या दोन्ही समजुतींना १९७० च्या दशकात धक्का बसला.

पार्श्वभूमी

व्हिएतनाममधील १० ते १५ टक्के अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले आहेत, असा अहवाल मे १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी दिला. हे सैनिक घरी परतल्यावर काय होईल, या चिंतेने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने मायदेशी निघणाऱ्या प्रत्येक सैनिकाची लघवी तपासण्यास सुरुवात केली. अंश आढळल्यास शरीर अमली पदार्थापासून मुक्त होईपर्यंत त्याला थांबवून घेत.

रॉबिन्स यांचा अभ्यास

सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी केला. दर पाचांपैकी सुमारे एक जण तेथे व्यसनाधीन झाला होता. लष्करी जीवन सुसह्य व्हावे म्हणून हेरॉइन घेतल्याचे अनेकांनी सांगितले. म्हणजेच, असह्य भावना आवरण्याचे ते एक साधन होते. परतल्यानंतर पहिल्या वर्षात मात्र या व्यसनाधीनांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. तीन वर्षांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के झाले. बहुतेकांनी परतल्यावर कोणतेही उपचार घेतले नव्हते. हे निष्कर्ष अनेक तज्ज्ञांना खरे वाटेनात.

अर्थ आणि मर्यादा

या सैनिकांचा निश्चय वर्षभरात अचानक बळकट झाला होता का? तसे म्हणता येत नाही. बदलली होती ती परिस्थिती: स्वस्त, शुद्ध हेरॉइन हाताशी नव्हते, युद्धाचा ताण सरला होता आणि घरच्यांची नापसंती जाणवत होती. तथापि, परिस्थिती बदलली की सर्वांचेच व्यसन सुटते, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. सैन्यात येण्यापूर्वीच अमली पदार्थ घेणाऱ्यांना पुन्हा व्यसन लागण्याचा धोका अधिक होता. शिवाय बहुतेक व्यसनी माणसांना ‘युद्धभूमी’ सोडून जाता येत नाही. ती त्यांच्या घरात किंवा गल्लीतच असते.

पुढील टप्पा

अशा माणसांसाठी ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये पुनरावर्तन प्रतिबंधाची पद्धत मांडली. दुःख, राग, भांडण आणि मित्रांचा आग्रह हे धोक्याचे प्रसंग आधीच ओळखून त्यांना तोंड देण्याचा सराव करणे, हा तिचा गाभा. एकदा पाय घसरला की ‘आता सगळे संपले’ या अपराधभावनेनेच माणूस अधिक खोल जातो, हेही त्यांनी दाखवले. घसरल्यानंतर सावरणे, हीच येथे मानसिक उभारी.

समारोप

आत्मनियंत्रण हा केवळ स्वभावगुण नाही. ते शिकता येणारे कौशल्य आहे आणि त्याला अनुकूल परिस्थितीची जोड लागते. म्हणूनच ‘तू सोडत का नाहीस?’ असे विचारण्याआधी ‘तू कोणत्या परिस्थितीत जगतोस?’ हे विचारले पाहिजे.